इंटरॅक्टिव्ह पॅनल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

परळच्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत गेल्या जूनमध्ये नववीच्या वर्गात ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालवता येणारा डिजिटल फळा, बसवले. विक्रेत्याच्या माणसाने दोन तासांत सगळी बटणे दाखवली, हजेरीपटावर आमच्या सह्या घेतल्या आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद झाली.

दुसऱ्याच आठवड्यात पडद्यावर आपोआप रेघा उमटू लागल्या. तक्रार करूनही तीन आठवडे कोणी फिरकले नाही. अखेर संगणकाच्या सरांनी माहितीपुस्तिका वाचून उलगडा केला. आमच्या पॅनलला स्पर्श काचेवर कळत नाही, तर चौकटीतून काचेसमोर सोडलेल्या अवरक्त किरणांच्या जाळ्यात कळतो. त्यात बोट आडवे येवो, साडीचा पदर येवो किंवा चौकटीवर खडूची भुकटी साचो, पॅनलच्या लेखी सगळे सारखेच. तेव्हापासून मी पदर पिनेने घट्ट लावते, पहिल्या तासाआधी चौकट कोरड्या फडक्याने पुसते आणि शेजारच्या फळ्यावर खडू वापरणे आम्ही बंद केले आहे.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या केंद्र सरकारच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे काही भाग मी कोरोनाच्या काळात ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर पूर्ण केले होते. पाठाच्या गरजेनुसार साधन निवडावे, ही जाण तिथे आली; हात मात्र वर्गातच बसला.

भूमितीसाठी मी जिओजेब्रा वापरते. २००१ साली ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर पॅनलवर उतरवून घेतल्यास इंटरनेटवाचूनही चालते, आणि पावसाळ्यात आमचे वायफाय वरचेवर रुसत असल्याने ही सोय मोलाची ठरली. फळ्यावर तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक काढून ते जिथे मिळतात तो बिंदू, म्हणजे परिकेंद्र, दाखवायचे तर एका त्रिकोणातच अर्धा तास जातो. इथे शिरोबिंदू बोटाने ओढला की परिकेंद्र लघुकोन त्रिकोणाच्या आतून सरकत काटकोन होताच कर्णाच्या मध्यावर येते आणि विशालकोन होताच बाहेर पडते. मागच्या बाकांवरची मुलेही तेव्हा उभी राहून पाहतात.

याच पडद्याने एकदा माझी पंचाईत केली. ४७.२४, ६१.४३ आणि ७१.३४ अंश हे त्रिकोणाचे कोन दिसत असताना एका विद्यार्थिनीने वहीत बेरीज करून विचारले, “बाई, १८०.०१ कसे?” क्षणभर मलाही सुचेना. मग दशांश स्थळे दोनऐवजी तीन केली, तेव्हा ४७.२३६, ६१.४२८ आणि ७१.३३६ दिसले आणि बेरीज नेमकी १८० भरली. तिन्ही मापे वरच्या बाजूला पूर्णांकित झाल्याने ती फसगत झाली होती. आता दशांश स्थळांची ती सोय मी पाठाच्या सुरुवातीलाच मुलांच्या हाती देते.

दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून येणारी तिरीप पडद्यावर पडते. खिडकीला लावायच्या जाड पडद्यांचा खर्च आधी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. आठवीसाठी दुसरे पॅनल घेण्याचे घाटत आहे. त्या दरपत्रकात प्रशिक्षणाचे दोन तास वेगवेगळ्या दिवशी मागावेत, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे: पहिला तास पॅनल बसवतानाचा, दुसरा सहामाहीनंतरचा, आमच्याकडे विचारायला काही साचलेले असेल तेव्हाचा.