घराचा विमा: जुनी पॅकेज पॉलिसी की भारत गृह रक्षा?

म्हापशाच्या वहिनींची घराची जुनी पॅकेज पॉलिसी (आग, घरफोडी वगैरे विमे एकत्र) याच महिन्यात संपते आहे. हप्ता कमी करायचा, पण पावसाळा तोंडावर आलेला, म्हणून त्यांची घालमेल. त्यांच्यासारख्या अनेकांसाठी हे लिहितो.

आधी विम्याची रक्कम बघा, कारण हप्ता तिथेच फुगतो. भारत गृह रक्षामध्ये, म्हणजे सगळ्या विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या प्रमाणित घर विमा पॉलिसीत, ती चटईक्षेत्र आणि आजचा बांधकाम खर्च यांच्या गुणाकारावर ठरते. गोव्यात घराच्या किमतीचा मोठा हिस्सा जमिनीचाच, आणि जमीन काही जळत नाही. जुन्या पॅकेजमध्ये बाजारभाव लिहिला असेल तर तुम्ही फुकट पैसे भरताय.

संरक्षण: आग, वादळ, पूर, भूकंप हे भारत गृह रक्षामध्ये आहेच. माड कौलांवर कोसळला तर तेही. बांधकामाची रक्कम कमी लिहिली गेली म्हणून भरपाई त्या प्रमाणात कापत नाहीत. घरातल्या सामानाला बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत आपोआप संरक्षण मिळते. भिंतीची जुनी ओल मात्र सहसा दोन्हीकडे बाहेर.

चोरी हा खरा फरक. भारत गृह रक्षामध्ये आग-पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांत झालेलीच चोरी धरतात. साधी घरफोडी नाही; ती सहसा जुन्या पॅकेजमध्ये असते.

घरात माणसे राहत असतील तर भारत गृह रक्षा घ्या. मुले परदेशात, घर वर्षभर कुलूपबंद असेल तर घरफोडीचे पॅकेज ठेवा, पण घर किती दिवस बंद चालते ती अट वाचूनच, आणि रक्कम बांधकाम खर्चावर आणून.