बेटावरची फुलपाखरं वहीत कशी लिहायची: तीन शब्दी नावाने की दोन शब्दी?

श्रीलंकेहून किंवा अंदमानहून परत आलं की फोटो उतरवून होतात, मोज्यांवरचे जळवांचे डाग धुऊन होतात आणि मग यादी करायला बसल्यावर हा प्रश्न पडतो. लंकेतल्या सिंहराजा जंगलात दिसलेलं सिलोन रोज नावाचं फुलपाखरू हा घाटातल्या मलबार रोजचाच भाऊ समजून त्याच्याच खाली लिहायचा, की त्याला वेगळी ओळ द्यायची? अंदमानचं स्वोर्डटेल फुलपाखरू आंबोलीच्या फाइव्हबार नावाच्या फुलपाखरात धरायचं की नाही? पॅपिलिओनिडी म्हणजे शेपटीवाल्या फुलपाखरांच्या कुळात हा घोळ बेटांवर जरा जास्तच आहे. (शेपटीवालं म्हणायचं ते कुळाला. आपल्या ब्लू मॉरमॉनला शेपटी नाही, बर्डविंगलाही नाही. नावाने काय, मुलीचं नाव सोनी ठेवलं म्हणून ती सोन्याची होत नाही.)

रीती दोन आहेत. एकीत जात मोठी धरायची आणि बेटागणिक तिच्या उपजाती मानायच्या, म्हणजे शास्त्रीय नाव तीन शब्दांचं: प्रजाती, जात, उपजात. दुसरीत बेटावरचं रूप पुरेसं वेगळं वाटलं की त्याला स्वतंत्र जात करायचं, म्हणजे नाव दोन शब्दांचं. पहिल्या रीतीने मी बारा वर्षं वही ठेवली, दुसरीने गेली चार वर्षं ठेवतोय. कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण पहिल्या रीतीचं मीठ खाल्लंय, तेव्हा तिच्याबद्दल वाकडं बोलताना जीभ जरा अडखळते.

एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. दोन शब्दी रीत ही डीएनएच्या जमान्यातली नवी टूम आहे असं आमच्या गटातले बरेच जण मानतात. तसं नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक मूर हा इंग्रज कीटकतज्ज्ञ सरळ दोन शब्दी नावं देत सुटला होता. लंकेच्या ब्लू मॉरमॉनला पारिंडा आणि आपल्या मलबार रोजला पांडियाना ही दोन्ही नावं त्याचीच, दोन्ही १८८१ सालची. मग १८९५च्या सुमारास वॉल्टर रॉथशिल्ड आणि पुढे कार्ल जॉर्डन या फुलपाखरांच्या अभ्यासकांनी तिसऱ्या शब्दाची शिस्त लावली आणि मूरच्या कित्येक जाती उपजाती होऊन कुणाच्या तरी पदराखाली गेल्या. ब्रिगेडियर एव्हान्सचं भारतातल्या फुलपाखरांवरचं १९३२चं पुस्तक ज्यांनी वापरलंय त्यांना ही फौजी शिस्त ओळखीची असेल: मोठी तुकडी, तिच्या आत छोट्या तुकड्या. आज पांडियाना पुन्हा स्वतंत्र जात झाली, तेव्हा ती नव्याने सापडलेली नाही. मूरच्या घरी परत आली एवढंच.

आता पहिल्या रीतीची बाजू. तिची मोठी सोय म्हणजे नातं नावातच दिसतं. पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर पारिंडा असं वाचलं की हे लंकेचं ब्लू मॉरमॉन, महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचं सख्खं भावंड, हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि लंकेच्या बाबतीत हे नातं खरंही आहे. पाल्कची सामुद्रधुनी इतकी उथळ आहे की हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा तिथे जमीनच होती. भूशास्त्राच्या हिशेबात ही कालपरवाची गोष्ट. क्रिमसन रोजला तर आजही त्या पाण्याचं काही वाटत नाही, ते समुद्रावरून बिनधास्त उडतं, आणि लंकेतलं आणि आपलं असा त्याच्यात फरक करायला कुणी जात नाही. कॉमन रोजची लंकेतली उपजात वेगळ्या नावाने लिहितात, पण मी दोन्हीकडचे फोटो शेजारी ठेवून संध्याकाळभर बघितले आणि शेवटी चहा करायला उठलो. अशा ठिकाणी तिसरा शब्द हा फार सभ्य मार्ग आहे. भांडण नाही, तंटा नाही, नोंद मात्र राहते.

राहते, असं मला बारा वर्षं वाटत होतं.

झालं असं. माझ्या सगळ्या नोंदी वहीत होत्या. एका गणपतीत भाचा आला होता, त्याने त्या एक्सेलमध्ये भरून द्यायचं कबूल केलं. पोरगं हुशार, दोन दिवसांत ढीगभर ओळी टाकल्या. एका रकान्यात प्रजाती आणि जात, दुसऱ्यात उपजात, मग तारीख, ठिकाण, शेरा. मग मी म्हटलं, एकेका जातीची पहिली नोंद तेवढी ठेवून एक छोटी यादी दे. तो म्हणाला, "मामा, बरीच नावं दोन-दोनदा आलीयेत, डुप्लिकेट काढू?" मी आरतीच्या तयारीत, हातात निरांजन. म्हटलं, "काढ." त्याने जातीच्या रकान्यावर बटण दाबलं आणि फाइल तीच जतन केली. वह्या तोवर रद्दीत गेल्या होत्या, कारण आता सगळं कॉम्प्युटरवर होतं ना.

सिंहराजाचा सिलोन रोज गेला. माझ्या जुन्या यादीप्रमाणे तो पॅकलिओप्टा जोफॉन जोफॉन, आणि त्याच्या तीन वर्षं आधी कूर्गला पाहिलेला मलबार रोज हा पॅकलिओप्टा जोफॉन पांडियाना. पहिले दोन शब्द तेच. एक्सेलला तिसरा शब्द बघायला कुणी सांगितलंच नव्हतं. कूर्गची ओळ वर होती, ती राहिली. लंकेची पुसली गेली. जगात फक्त लंकेच्या पावसाळी जंगलात मिळणारं फुलपाखरू, त्याचा फोटो नव्हता, नुसता शेरा होता: कुठल्या फुलावर बसलं होतं, किती वेळ, वर सावली होती की ऊन. आज मला एवढंच आठवतं की पाऊस नुकता थांबला होता आणि वाटाड्याने बोट दाखवण्याआधी माझा खांदा दाबला होता. त्याच झटक्यात अंदमानचा स्वोर्डटेल गेला, कारण जुन्या यादीत तोही फाइव्हबारच होता आणि आंबोलीचा आधी होता. अंदमानचा बर्डविंगही गेला. तो ट्रॉइडीस हेलेना हेलिकोनॉइडीस, आणि आपल्याकडचा सदर्न बर्डविंग माझ्या जुन्या पुस्तकात हेलेना मिनोस.

चूक भाच्याची नाही, थोडी माझी आणि बरीचशी त्या तिसऱ्या शब्दाची आहे, असं माझं मत तेव्हापासून झालं. तिसरा शब्द हा गाडीच्या टपावर बांधलेल्या सामानासारखा असतो. वळण आलं की पहिला तोच पडतो. त्यानंतर लक्ष देऊन बघायला लागलो तर सगळीकडे हेच. फोटो चढवायच्या एका संकेतस्थळावर उपजात लिहायला जागाच नव्हती. प्रदर्शनाच्या पाट्यांवर जागा कमी म्हणून तिसरा शब्द कापला. व्याख्यानाच्या पत्रिकेत छापणाऱ्याने तो छपाईची चूक समजून काढला. आणि जो शब्द पडतो तो नेमका बेटाचा असतो. मुख्य भूमीचं नाव कधीच पडत नाही.

दुसऱ्या रीतीत ही धास्ती नाही. पॅकलिओप्टा जोफॉन लंकेचा, पॅकलिओप्टा पांडियाना गोव्यापासून केरळपर्यंतच्या घाटांचा. ट्रॉइडीस मिनोस दक्षिण भारताचा (कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू तेच), ट्रॉइडीस डार्सियस लंकेचा. बर्डविंगच्या या जोडीत फरक उडतानाही दिसतो: लंकेच्याच्या मागच्या पंखावर काळं जास्त, पिवळं आकसलेलं, आपल्याकडचा उन्हात आला की सोन्याचा पत्रा हलल्यासारखा दिसतो. इतकं डोळ्यांना दिसत असताना नाव सारखं ठेवायचा हट्ट कशाला, असं वाटतं खरं.

अंदमानला तर मला दुसरी रीत जास्तच पटते, आणि त्याला कारण भूगोल आहे. आपण मुंबई-पुण्याहून सेल्युलर जेल बघायला जातो, जहाजावर आणि हॉटेलात निम्मी माणसं मराठी भेटतात, त्यामुळे ती बेटं आपलीच वाटतात. फुलपाखरांना तसं वाटत नाही. चेन्नईपासून बाराशेच्या आसपास किलोमीटर समुद्र, आणि भारताच्या भूमीशी जमिनीने कधी जोडच नव्हता. त्यांची सोयरीक म्यानमारकडची, निकोबारची तर सुमात्राकडची. मधली टेन डिग्री चॅनलची दीडशे किलोमीटरची फट ओलांडली की जातीही बदलतात. अंदमानचा क्लबटेल, लोसारिया रोडिफर, शेपटीच्या टोकाला लाल गोंडा लावल्यासारखा, तो तिथेच राहतो. निकोबारचा क्लबटेल वेगळा. अशा ठिकाणचा स्वोर्डटेल आंबोलीच्या फाइव्हबारच्या ओळीत चिकटवला की वही वाचणाऱ्याला वाटतं, हा सह्याद्रीतूनच उडत गेला असावा. ग्राफियम एपामिनोन्डास असं स्वतंत्र लिहिलं की निदान ती चुकीची समजूत तरी होत नाही.

पण दुसरी रीत निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. पहिली अडचण म्हणजे तिचा अर्धवटपणा. अंदमानच्या स्वोर्डटेलला बढती मिळाली, लंकेचा फाइव्हबार मात्र अजून उपजातच आहे. पांडियाना सुटी झाली, पारिंडा अडकून आहे. नियम काय, विचाराल तर सरळ उत्तर मिळत नाही. अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९४२ साली कसोटी सांगितली ती एकमेकांत प्रजा होण्याची. पण मध्ये समुद्र असला तर दोघांची गाठच पडत नाही, मग कसोटी लावायची कुणावर? म्हणून मग नराच्या जननेंद्रियांची ठेवण बघतात, डीएनएचा साडेसहाशे अक्षरांचा एक ठरलेला तुकडा ताडून बघतात, दोन टक्क्यांच्या वर फरक निघाला की भुवया उंचावतात. दोन टक्केच का, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. निसर्ग अभ्यासक वॉलेसने १८६५ साली मलय द्वीपसमूहातल्या याच कुळावर मोठा निबंध लिहिला, त्यात स्थानिक रूप, उपजात आणि खरी जात यांच्या पायऱ्या लावून दाखवल्या. पायऱ्या आजही त्याच आहेत, कोण कुठल्या पायरीवर उभं यावरच वाद आहे.

दुसरी अडचण रोजच्या वापरातली. नावं बदलत राहतात. चार वर्षांत माझ्या यादीतल्या काही ओळी दोनदा बदलल्या. ज्याला वर्षातून एकदा वही उघडायची आहे त्याला याचा वैताग येईल, आणि तो वैताग खोटा म्हणता येणार नाही.

आणि तीन शब्दी नाव नीट सांभाळलं तर किती काम करतं याचं एक उदाहरण माझ्या मताच्या विरोधात जातं, तरी देतो. फिलिपिन्समध्ये लुझॉन बेटाच्या डोंगरात एक मोराच्या रंगाचं शेपटीवालं आहे, चिकाए. मिंडोरो बेटावरच्या त्याच्या भाऊबंदाला १९९२ साली हर्मेली हे नाव मिळालं. ही जात की उपजात, हा वाद आहेच. आणि वन्यजीव व्यापारावरच्या साइटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात चिकाए असलं तरी त्याच्या आडोशाला हर्मेली येतं की नाही, हा प्रश्न होताच. शेवटी २०१९ साली जिनिव्हाच्या बैठकीत हर्मेलीचं नाव स्वतंत्रपणे परिशिष्टात घातलं. आज तिथे दोन्ही नावं तीन-तीन शब्दांत, पूर्ण लिहिलेली आहेत. म्हणजे तिसरा शब्द टिकतो, पण त्याला राखणारा हवा. सरकारी परिशिष्टाला वकील असतात. माझ्या एक्सेलला भाचा होता.

तेव्हा ठरवताना मी असं म्हणेन. तुमची वही तुम्हीच लिहिता, तुम्हीच वाचता, आणि तुम्हाला नातीगोती डोळ्यांसमोर हवी असतील, तर तीन शब्दी रीत छान आहे, तिच्यात ठहराव आहे. लंकेपुरतंच फिरणं असेल तर ती पुरतेही. पण यादी कुणाला पाठवणार असाल, कुठे चढवणार असाल, किंवा अंदमान-निकोबार तुमच्या बेतात असेल, तर मला वाटतं दोन शब्दी रीतीकडे झुकलेलं बरं. नावं बदलतील, पण बदललेलं नाव जुन्या यादीवरून शोधता येतं.

मी स्वतः आता मधला मार्ग काढलाय, तो हवा तर घ्या. जिथे बढती झाली आहे तिथे दोन शब्द. जिथे नाही, पारिंडासारखं, तिथे तीन, पण बेटाचं नाव मी जातीच्याच रकान्यात कंसात लिहितो, वेगळ्या रकान्यात नाही. दिसायला बावळट दिसतं. भाच्याने बघितलं तेव्हा तोही हसला. म्हटलं, आता दाब बटण. त्याने दाबलं. एक ओळ हलली नाही.

अंदमानला जाणार असाल तर एक राहिलं. पॅपिलिओ मेयो, अंदमान मॉरमॉन, हा दोन्ही रीतींत स्वतंत्र जात आहे, त्यामुळे त्याच्यापुरती ही सगळी डोकेफोड करायची गरज नाही. दिसला तर लिहून टाका. चिडिया टापूच्या वाटेवर सकाळी लवकर बघा, आणि फोटो नाही मिळाला तरी शेरा वहीतच लिहा, पेनाने.