एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ, अकरा महिने घेतल्यावरचा माझा अनुभव

आधी माझं थोडं सांगते म्हणजे संदर्भ लागेल. वय ४१, डोंबिवलीला राहते, शाळेत शिकवते, घरात नवरा, मुलगी आणि सासूबाई. मागच्या दिवाळीनंतर नैराश्यावरची (डिप्रेशनची) ही गोळी सुरू झाली पण त्रास त्याच्या बराच आधीपासूनचा. रोज पहाटे चारला टक्क जाग यायची आणि जाग आली की छातीवर पाटा ठेवल्यासारखं. आंघोळीला जायचं पण जिवावर यायचं, बादली भरून वाहत राहायची आणि मी तशीच स्टुलावर बसून. नेहमीच्या डॉक्टरांनी चार महिने नुसत्या झोपेच्या गोळ्या दिल्या, रात्र कशीबशी जायची पण दिवस तसाच. शेवटी हेच मला धरून सायकिअॅट्रिस्टकडे घेऊन गेले. तिथे ९ प्रश्नांचा फॉर्म भरला, २७ पैकी १९ आले, म्हणजे आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त.

पहिला आठवडा ५ मिग्रॅ, मग १०. सोबत रात्री क्लोनाझेपाम (बेचैनी कमी करणारी, झोप आणणारी गोळी) ०.२५, पण तिची सवय लागते म्हणून मॅडमनी ती कधी बंद करायची ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं, तीन आठवड्यांनी बंद झाली पण.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले, खोटं कशाला सांगू. मळमळ, सारख्या जांभया, जबडा आवळलेला, आणि आतून अशी बेचैनी की एका जागी बसवत नव्हतं. ही गोळी ज्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करते, ते आपल्या शरीरातलं बरंचसं आतड्यात असतं त्यामुळे आधी पोट बिघडतं, हे मॅडमनी सांगितलं होतं म्हणून मी टिकले, आणि नाश्ता झाल्यावर गोळी घ्यायला लागल्यावर ते दहाएक दिवसात कमी झालं. सेरोटोनिनवर परिणाम काही तासांतच सुरू होतो पण मन उचलायला २ ते ६ आठवडे लागतात, त्यामुळे मधल्या काळात माणसाला वाटतं गोळी नुसती त्रासच देतेय, आणि नेमकी तेव्हाच बरेच जण सोडतात. 'मेंदूतलं केमिकल कमी झालंय, ते भरून काढायचं' एवढं सोपं ते नाहीये हेही त्यांनीच सांगितलं, आणि मला ते ऐकून बरं वाटलं, कोणीतरी खरं बोललं म्हणून.

एक गोष्ट घरात तरुण मुलं असतील त्यांच्यासाठी. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अमेरिकेत तर २००४ पासून या औषधांवर चौकटीत ठळक इशारा देणं सुरू झालं. माझ्या जावेच्या मुलाला, तो १९ वर्षांचा आहे, हीच गोळी दिली तेव्हा पहिला महिनाभर दर आठवड्याला दाखवायला नेत होते आणि रात्री त्याला एकटं झोपू देत नव्हते. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारी टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतो, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आता फायदा. चोविसाव्या दिवशी मी सहावीच्या वह्या घेऊन बसले होते. त्याआधी एकाच वहीवर अर्धा अर्धा तास जायचा, त्याच ओळीवर नजर फिरत राहायची. त्या दिवशी मान वर केली तर ४८ वह्यांचा गठ्ठा डावीकडून उजवीकडे गेलेला आणि लाल पेनाची रिफिल संपत आलेली. मी कितीतरी वेळ त्या गठ्ठ्याकडेच बघत बसले. मग चारची जाग साडेपाचवर गेली, तिसऱ्या महिन्यात फॉर्मवर ६ आले. गोळीने माझे प्रश्न सोडवले नाहीत, सासूबाईंचं आजारपण तेच, कर्जाचा हप्ता तोच. पण समुपदेशनाला जाऊन तासभर बसून बोलता येण्याइतकी ताकद आली, आधी तर मी दुसऱ्या वाक्यालाच हरवायचे.

तोट्यांमधला पहिला असा की कोणी त्याबद्दल बोलत नाही, म्हणून मी बोलते. नवरा-बायकोतली जवळीक. इच्छा कमी झाली, आणि कधी झालीच तरी शेवटपर्यंत पोचताच येईना. मला हे कोणीच आधी सांगितलं नव्हतं, माझ्या मॅडमनीसुद्धा नाही, आणि याचा मला अजून राग आहे, कारण दोन महिने मला वाटत होतं आमच्यातच काहीतरी संपलंय, ह्यांनाही तेच वाटत होतं. विचारल्यावर म्हणाल्या, हो, बऱ्याच जणांना होतं. मग आधी का नाही सांगायचं?

दुसरा तोटा. फेब्रुवारीत मामी गेली. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. मी तिच्या पायाशी बसले होते, सगळे रडत होते, आणि माझ्या डोळ्यात पाण्याचा थेंब नाही. दुःख नव्हतं असं नाही, दिसत होतं, काचेपलीकडे असल्यासारखं, पण हाताला लागत नव्हतं. कोणी काही बोललं नाही. मला मात्र ते आजही टोचतं.

तिसरा, गोळी चुकली तर. गणपतीला गावी गेलो, राजापूरच्या आत, आणि स्ट्रिप डोंबिवलीत फ्रिजवर राहिली. तालुक्याच्या मेडिकलमध्ये माझ्याजवळ प्रिस्क्रिप्शन नाही म्हणून दिली नाही, त्यांचं बरोबरच होतं. तिसऱ्या दिवसापासून डोळे फिरवले की डोक्यात विजेचा बारीक झटका, झर्र करून, आणि चालताना तोल जायचा. त्याच संध्याकाळी आरतीला टाळ हातात घेतले आणि मला भडभडून रडू आलं, महिन्यांनंतर पहिल्यांदा, आणि मला वाटलं आपण परत आलो, आता गोळी नकोच. परत आल्यावर मॅडमनी सांगितलं की ते रडूही अचानक बंद केल्याचाच भाग होता. ते ऐकून फार वाईट वाटलं. व्यसन लागतं तसली ही गोळी नाही, पण शरीराला तिची सवय झालेली असते, एकदम तोडलं की ते बोंबलतंच.

अजून एक, दाताच्या डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला ही गोळी चालू आहे हे सांगाच. आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो, ट्रामाडॉल या जास्त जोरदार दुखण्याच्या गोळीबरोबर तर वेगळाच धोका असतो.

आठ महिने बरी राहिले म्हणून आता हळूहळू कमी करतोय. तीन आठवडे झाले, साडेसात मिग्रॅवर आहे, म्हणजे ५ ची एक आणि ५ ची अर्धी. मधल्या रेघेवर दोन्ही अंगठ्यांनी दाबली की नीट तुटते, उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी. अजून झटका आला नाहीये. ह्यांना सांगून ठेवलंय, मी चारला उठून बसलेली दिसले तर मला विचारत बसू नका, सकाळी मॅडमना फोन करा.