दुसरा सेट ऐकल्याशिवाय उठू नका: जालन्याहून मुंबईला जाऊन आठ महिने ऐकलेलं जॅझ

मी जालन्यातल्या एका सळईच्या कारखान्यात विक्री आणि उधारी बघतो. त्यापायी महिन्यातून एक-दोन चकरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात ठरलेल्या. मागच्या ऑगस्टपासून मार्चपर्यंत या चकरांना मी एक शेपूट जोडलं. काम उरकलं की पनवेलहून लोकल धरायची आणि मुंबईत जिथं जॅझ वाजणार असेल तिथं जाऊन बसायचं. अकरा रात्री क्लबात गेल्या, दोन संध्याकाळी एनसीपीए या नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्राच्या महोत्सवात. कारखान्यातले विचारतात, पैसे वसूल झाले का? कळंबोलीतले अजून अडकलेत. जॅझचे झाले, पण दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून. त्याआधीचे पाण्यात गेले आणि त्यात चूक माझीच जास्त होती.

माझं गाण्यातलं भांडवल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते ठरवता येईल. गल्लीतल्या भजनी मंडळात वीस वर्षं पेटी वाजवतो. तबला कळतो, वाजवता येत नाही. जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलात जेवताना मागं हळू आवाजात लावतात ते, एवढीच समजूत. एका व्यापाऱ्याच्या मुलानं ऑगस्टात मला ओढत नेलं. लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारातली जागा. कव्हर, म्हणजे आत बसायचे पैसे, हजार रुपये, ते सगळे खाण्यापिण्यात वळते होणारे. (हे दारावरच विचारून घ्या. काही ठिकाणी निम्मेच वळते होतात, काही ठिकाणी एक रुपयाही नाही.) माझ्या हजारात दोन लिंबू सोडे आणि एक बशी तळलेले बटाटे आले. पाटीवर नऊची वेळ होती, सुरू झालं पावणेदहाला.

पियानो, डबल बास, ड्रम आणि सॅक्सोफोन. चार माणसं. मला पहिल्या पाच मिनिटांत सम सापडेना. आपल्याकडे भजनात धुमाळीचा ठेका लागला की हात आपोआप समेवर जातो. मी तसाच पहिल्या मात्रेवर टाळी देत बसलो, आणि शेजारच्या टेबलावरची बाई दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवत होती. तिनं दोनदा माझ्याकडं वळून बघितलं. नंतर कळलं, तिचं बरोबर होतं. ड्रमवाल्याच्या डाव्या पायाखाली झांजांची एक जोडी असते, ती तो दोन आणि चारवरच मिटतो. जोर तिथंच द्यायचा. भजनी माणसाच्या हाताला हे वळण लागायला मला दोन महिने लागले, आणि अजूनही दमलो की हात घराकडंच पळतो.

मध्यंतरात धीर करून पियानोवाल्याला विचारलं, "आप लोग सम पे कब आते हो?" पोरगं असेल पंचविशीचं. हसला नाही. म्हणाला, "अंकल, बास को पकडो. बारह तक गिनो." एवढं बोलून सिगारेट ओढायला बाहेर गेला. आठ महिन्यांत मला मिळालेला सगळ्यात उपयोगाचा सल्ला हाच.

बास म्हणजे ते माणसाएवढं उंच व्हायोलिन. बोटांनी छेडतात आणि बहुतेक वेळा प्रत्येक मात्रेला एक सूर टाकत चालतात, न थांबता, न घाई करता. त्यावर लक्ष ठेवून मोजलं की चक्र दिसायला लागतं. त्यातलं सगळ्यात जुनं आणि सोपं चक्र ब्लूजचं: चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. पेटीवाल्यांसाठी ढोबळ नकाशा असा: पहिले चार बार षड्जाच्या घरात, पाचव्याला मध्यमावर जायचं, सातव्याला परत सा, नवव्याला पंचम, दहाव्याला मध्यम, अकराव्याला पुन्हा घरी. वाजवणारे यात मधे हवी तेवढी वळणं घेतात, पण पाचव्याचा मध्यम आणि नवव्यानंतरची परती बहुतेक वेळा कानाला सापडतेच. दुसरा नेहमीचा साचा ३२ बारांचा. आठ-आठचे चार तुकडे, त्यात तिसरा वेगळा. मी मनातल्या मनात मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा म्हणत बसतो आणि जमतं. सगळे मिळून आधी मूळ चाल वाजवतात, तिला ते हेड म्हणतात. मग एकेक जण त्याच चक्रावर आपापलं मांडतो, मग ड्रमवाल्याशी चार-चार बारांचे सवाल-जवाब, शेवटी पुन्हा हेड. एवढं कळलं की गर्दीत हरवलेलं पोर सापडावं तसं होतं.

आणि ते ब्रश! संथ चालीला ड्रमवाला काड्या ठेवून तारांचे ब्रश घेतो आणि ड्रमवर गोल-गोल फिरवतो. हा आवाज मी कुठं ऐकलाय ते दोन महिने आठवेना. मग एका सकाळी घरी आई सुपात ज्वारी पाखडत बसली होती. तोच.

आता माझी चूक. मुंबईत मी उतरतो डोंबिवलीला, आतेभावाकडं. जालन्याकडं येणारी देवगिरी रात्री साडेनऊच्या आसपास सीएसएमटीहून सुटते; तेव्हा क्लबात बासवाला तारा जुळवत असतो. म्हणजे मुक्काम करायचा, आणि सकाळी कल्याणहून तपोवन धरायची. मुक्काम आला की शेवटची लोकल आली, आणि ती चुकू नये म्हणून मी दर वेळी पहिला सेट, म्हणजे मध्यंतरापर्यंतचं वाजवणं, संपला की उठत होतो. ऑगस्ट गेला, सप्टेंबरही अर्ध्याहून जास्त गेला. घरी येऊन सांगत होतो, ठीक आहे, स्वच्छ वाजवतात, पण एवढं काय नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस एका रात्री पावसानं लोकल बंद पडल्या. जायला मार्गच नव्हता, बसलो. साडेदहाला मोठ्या टेबलांवरची, वाढदिवस साजरा करायला आलेली मंडळी गाड्या काढून गेली. आम्ही नऊ-दहा जण उरलो. वादकांनी वडापाव मागवून तिथंच पियानोच्या झाकणावर कागद पसरून खाल्ले. मग पहिल्या सेटला वाजवलेलीच एक चाल पुन्हा घेतली, निम्म्या लयीत. तेवढ्यात दारातून एक पन्नाशीचा माणूस आला, काळा कोट, बो टाय, हातात वाद्याची पेटी; कुठल्या तरी लग्नाच्या स्वागत समारंभात वाजवून आला होता. कोणाला काही विचारलं नाही. ट्रंपेट काढलं आणि खिशातून मोरी तुंबल्यावर वापरतात ती रबरी वाटी काढली, दांडा काढून टाकलेली. मी म्हटलं हे काय आता. तर ती त्यानं डाव्या हातात धरली आणि ट्रंपेटच्या तोंडावर उघड-झाक करत वाजवायला लागला. वाद्य बोलायला लागलं. अक्षरशः, म्हातारी बाई नातवाला रागवावी तसं: वाँ, वाँव, वँ. सॅक्सोफोनवाला वाजवायचा थांबला आणि हसत जमिनीवर बसला. बाराव्या बारला सगळे एकदम घरी आले तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानं "वा!" गेलं. त्या जागेत वा म्हणायची पद्धत नाही, सोलो, म्हणजे एकट्याचं वाजवणं, संपल्यावर टाळ्या वाजवतात. पण ट्रंपेटवाल्यानं माझ्याकडं बघून मान लववली. पहाटे चारपर्यंत मी त्या गिरणीच्या छपराखाली पाऊस थांबायची वाट बघत होतो आणि मला झोप आली नाही.

पहिला सेट गिऱ्हाइकासाठी असतो. ओळखीच्या चाली, नेटक्या लांबीच्या, कोणाचं जेवण अडखळणार नाही असं वाजवणं. दुसऱ्याला ते एकमेकांसाठी वाजवतात. दुसऱ्या गावाहून आलेला माणूस वेळेच्या हिशोबानं नेमका तो सोडून उठतो. ऑक्टोबरपासून मी गणित बदललं: आठवड्यातला मधला वार, दादरला चारशे रुपयांची कॉट, आणि शेवटपर्यंत बसायचं. शनिवार टाळायचा. त्या दिवशी वादक तेच असतात, पण ऐकायला कोणी आलेलं नसतं.

नोव्हेंबर अखेरीस एनसीपीएचा जॅझ महोत्सव. नरिमन पॉइंटचं टाटा थिएटर, हजारेक खुर्च्या. हे सभागृह १९८० साली उघडलं, आराखडा फिलिप जॉन्सनचा, ध्वनीचं काम सिरिल हॅरिसचं. आवाजाबद्दल बोलायचं तर इथं बोट ठेवायला जागा नाही. पाचव्या रांगेत बसून झांजेवर काडी टेकल्याचाही आवाज येत होता. बाहेरच्या देशांतून आलेले वादक असे की आपण क्लबात ऐकतो त्यांचे गुरू शोभावेत. तरी मला दोन तासांनी थोडं कंटाळल्यासारखं झालं, हे खरं सांगतो. सगळं जागच्या जागी. कोणी खिशातून रबरी वाटी काढणार नाही याची खात्री. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालासमोरच्या वेरूळ-अजिंठा महोत्सवातही मला हेच होतं, मांडव जितका मोठा तितका गवई लांब. पण नवख्या माणसाला एकदाच जायचं असेल तर महोत्सवच बरा. गप्प बसून ऐकणारी माणसं भोवती असतात आणि साडेदहाला मोकळं होता येतं.

शेजारच्या खुर्चीवरचे एक पारशी गृहस्थ १९७८च्या पहिल्या जॅझ यात्रेला गेलेले निघाले. निरंजन झवेरींनी सुरू केलेली ही यात्रा धोबी तलावच्या रंगभवनात भरायची, उघड्यावर. पुढं तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथलं वाजणंच थांबलं. या शहराचं जॅझ त्याहूनही जुनं. १९३५ला लिऑन ॲबीचा काळ्या अमेरिकन वादकांचा ताफा ताजमध्ये वाजवायला आला. त्यांचं ऐकून तयार झालेले गोव्याचे वादक पुढं हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरले. चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन शिकलेली ती माणसं. त्यांतला चिक चॉकलेट हा ट्रंपेटवाला संगीतकार सी. रामचंद्रांच्या बरोबर होता. १९५१च्या 'अलबेला'तला तो सगळा धडाका या जोडीचा. आणि सी. रामचंद्र कुठले, तर पुणतांब्याचे! जालन्याहून मनमाडमार्गे पुण्याला रेल्वेनं जाताना हे स्टेशन खिडकीतून कितीदा बघितलंय. तेव्हा हे काही परकं प्रकरण आहे असं मला वाटत नाही, लांबच्या नात्यातलं आहे.

तक्रारी आहेतच. खाण्यापिण्याचे भाव उघड लूट. एका जागी आमच्या टेबलाच्या डोक्यावरच स्पीकर, आणि आवाज बघणारा मोबाइलमध्ये. बासचा नुसता गडगडाट, सूर गायब. दोनदा सांगितलं, त्यानं मान हलवली, बटणाला हात लावला नाही. लोकांच्या गप्पा हा कायमचा त्रास. बासचा सोलो आला की वाद्याचा आवाज कमी होतो आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना बोलायला सुचतं. छत्रपती संभाजीनगरात एका हॉटेलानं डिसेंबरात "जॅझ आणि जेवण" अशी पाटी लावली म्हणून मुद्दाम गेलो. एक जण की-बोर्डवर तयार ठेका लावून जुनी सिनेगीतं म्हणत होता. गळा चांगला होता बिचाऱ्याचा. विचारलं तर म्हणाला, "सर, पाटी मॅनेजरनं लिहिली."

आमच्याकडं खरं जॅझ ऐकायची सोय नाही, पण वाद्यं आहेत. गल्लीच्या तोंडाशी बँड पथकाचं दुकान आहे. मास्तर सत्तरीला आलेत, क्लॅरोनेट आणि ट्रंपेट दोन्ही वाजवतात. जानेवारीत त्या ट्रंपेटवाल्याची परवानगी घेऊन मोबाइलवर घेतलेलं पाच मिनिटांचं वाजवणं त्यांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाले, "लई दमात वाजवायलाय गडी. घाई नाही त्याला. आम्हाला घोड्यामागं पळावं लागतं, दम कुठून आणायचा?" पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग वाटीचं विचारलं. मी सांगितल्यावर विश्वास बसेना. चार दिवसांनी दुकानावरून जाताना बघितलं तर मास्तर ओट्यावर ट्रंपेट घेऊन, समोर नवीकोरी रबरी वाटी, दांडा काढून बाजूला ठेवलेला, आणि पथकातली पोरं पोट धरून हसतायत. वाँव काही निघत नव्हतं, नुसती कोंडल्यासारखी फूं-फूं. "बोटं मोकळी ठेवायची का आवळायची, ते बघून ये पुढच्या खेपेला," म्हणाले.

मार्चमध्ये बघून आलो. वाटीची कड ट्रंपेटच्या तोंडाच्या खालच्या कडेला टेकवायची, मनगट सैल, उघड-झाप फक्त वरच्या बाजूनं. मास्तरांना दाखवलं, आता "वाँ" येतं, "वाँव" अजून नाही. जूनमध्ये लग्नसराई सरली की बरोबर येतो म्हणालेत. दादरच्या दोन कॉटा सांगून ठेवल्यात, बुधवारच्या.