भिंतीवरचं मोल्डिंग : दिवाळी ते गणपती

गेल्या दिवाळीच्या तोंडावर घराचं रंगकाम काढलं, तेव्हाच हॉल, जेवणाची जागा आणि पॅसेजमध्ये मोल्डिंगच्या, म्हणजे भिंतीवर आणि दारांभोवती लावायच्या उठावदार पट्ट्या लावून घेतल्या. आता गणपती होऊन गेले. म्हणजे पुण्याची थंडी, चाळिशीला टेकलेला उन्हाळा आणि अख्खा पावसाळा या पट्ट्यांनी काढला आहे. लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळंच छान दिसतं, त्यामुळे तेव्हा काही लिहिलं नव्हतं.

आमच्याकडे तीन प्रकार आहेत. हॉलमध्ये सोफ्यामागच्या भिंतीवर पॉलिस्टायरीनच्या (थर्माकोलच्याच जातीचं, पण जास्त घट्ट प्लॅस्टिक) पट्ट्यांच्या चौकटी, जेवणाच्या टेबलामागे जमिनीपासून तीन फुटांवर एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) आडवी पट्टी आणि पॅसेजमधल्या दोन दारांच्या चौकटींभोवती सागवानी पट्टी.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कौतुक झालेली ती टेबलामागची आडवी पट्टी, आणि आज मला तीच सर्वांत जास्त आवडते. इंग्रजी घरांतून आलेली ही चेअर रेल मुळात खुर्चीची पाठ भिंतीला घासू नये म्हणून लावतात. आमच्याकडे तिथे कायम काळे ओरखडे असायचे, रंग उडालेला असायचा. आता खुर्ची पट्टीवर आपटते, भिंत शाबूत. पट्टीखालचा रंग एक छटा गडद घेतला, त्यामुळे पोरांचे हातही दिसत नाहीत. फक्त लावण्याआधी आपल्या खुर्चीची पाठ मोजा. तीन फूट हा ठोकताळा आहे. खुर्ची उंच असेल तर पट्टी खाली राहते आणि ओरखडे वरती पडतात.

दारांचंही तसंच. लाकडी चौकट आणि प्लॅस्टर यांच्यामध्ये दर पावसाळ्यात भेग पडायची, रंगारी दर वेळी लांबी (पुट्टी) भरून जायचा. सागवानी पट्टीने ती भेग झाकली, विषय संपला. महाग पडली, पण पॉलिश मारलेलं सागवान ओल्या फडक्याने पुसा, पोरांची सायकल आपटू द्या, काही होत नाही.

आता हॉलच्या चौकटी. पाहुणे आले की आधी याच पाहतात आणि माझ्या तक्रारीही इथल्याच आहेत. या पट्ट्यांना शोभेपलीकडे काही कामच नाही, त्यामुळे थोडं काही चुकलं की नजर तिथेच जाते. आमच्या बिल्डरची भिंत ना ओळंब्यात (सरळ उभी), ना कोपरा गुण्यात (काटकोनात). नुसत्या रंगात हे वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. सरळ पट्टी लावल्यावर मात्र मधे कुठे बोटभर पोट आहे ते समजलं, आणि संध्याकाळी बाजूचा दिवा लावला की पट्टीमागची फट सावलीतून दिसते. शिवाय आपल्या घरांत स्विचबोर्ड, एसीचा पाइप, केबलचा डबा हे सगळं नेमकं चौकटीच्या रेषेवरच येतं. म्हणून आधी भिंतीवर मास्किंग टेप चिकटवून चौकटी आखा आणि दोन-चार दिवस तशाच बघा. आम्ही टेप लावून पाहिल्यावर पाचाच्या तीन चौकटी केल्या, ते बरं झालं.

रंगाबाबत माझं मत ठाम आहे: पट्टी आणि भिंत एकाच रंगात रंगवा. मग फक्त सावली दिसते, तेवढी पुरते. दुकानदार सोनेरी कडेची पट्टी गळ्यात मारायला बघत होता. ती लावली असती तर हॉलचं मंगल कार्यालय झालं असतं.

पॉलिस्टायरीन हलकं असतं, वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही. पण मऊ असतं. व्हॅक्युमचा दांडा लागला तिथे खळगा पडला आहे. थिनर किंवा थिनर असलेला गोंद त्याला विरघळवतो, म्हणून पाण्यात मिसळणारा रंग आणि पॉलिस्टायरीनला चालेल असा गोंदच वापरा. ते पेटतंही पटकन. सासूबाईंना देव्हाऱ्यामागे तशीच चौकट हवी होती. समई रोज तिथेच लागते, म्हणून तिथे लाकडीच लावली. गॅसच्या ओट्याजवळही हे नको.

थंडीत दोन ठिकाणी सांधे केसभर उघडले. पट्टी गार हवेत आकसते, त्याला इलाज नाही. रंगाऱ्याने त्यात आधी सिलिकॉन भरलं होतं, त्यावर रंग धरेना आणि धूळ मात्र चिकटली. ते खरवडून काढून रंग धरणारं अ‍ॅक्रिलिक सीलंट भरलं. उन्हाळ्यानंतरही ते जागेवर आहे.

एमडीएफने पावसाळ्यात एकाच जागी त्रास दिला: बेसिनजवळचं टोक फुगलं. कापलेल्या टोकाला प्रायमर लागलाच नव्हता आणि एमडीएफ सगळ्यात जास्त पाणी पितं ते अशा उघड्या टोकातूनच. बाकी पट्टी जशीच्या तशी आहे. म्हणून बेसिन, बाल्कनी किंवा फरशी पुसायचं पाणी लागेल अशा जागी एमडीएफ नकोच, स्कर्टिंगला (भिंतीच्या तळाशी फरशीलगतच्या पट्टीला) तर अजिबात नको.

धुळीचं सांगायलाच हवं. प्रत्येक आडव्या पट्टीच्या माथ्यावर धूळ बसते, आणि पुण्यात सध्या बांधकामं किती चालू आहेत ते सांगायला नको. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ताई, हे पण रोज पुसायचं का?" आता रविवारी मीच कोरडा ब्रश फिरवते. खूप खाचा असलेली पट्टी घेतली नाही, याचं त्या वेळी हमखास बरं वाटतं.

खर्चाचा अंदाज बांधताना पट्टीच्या भावावर जाऊ नका. मजुरी मालापेक्षा जास्त झाली. साडेनऊ फुटी पट्टीतून ४५ अंशाचे कट घेताना तुकडे वाया जातात, तेव्हा माल थोडा जादाच आणा. नंतर आणलेल्या पट्टीची नक्षी जुळेलच असं नाही. सुतार म्हणतो हे रंगाऱ्याचं काम, रंगारी म्हणतो सुताराचं. चार कोपरे नीट जुळवून दाखवेल त्याला काम द्या, मग तो कोणी का असेना.

भाड्याच्या घरात मात्र हे करू नका. बेसिनजवळचं फुगलेलं टोक काढताना गोंदाबरोबर रंग, पुट्टी आणि थोडं प्लॅस्टरही निघून आलं. वीतभर पट्टीसाठी रंगाऱ्याला परत बोलवावं लागलं.