तिकीट विक्रीचे पैसे आणि संस्थेचे बँक खाते: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गोव्याच्या केपे तालुक्यातील आमची नाट्यसंस्था मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके कुडचड्याच्या रवींद्र भवनात आणते. गेले आठ महिने आम्ही तिकिटे एका ऑनलाइन मंचावरून विकत आहोत. तिकीट विक्रीबद्दल तक्रार नाही; खजिनदार या नात्याने माझा सारा वेळ गेला तो बँक खात्याच्या भागात.

पहिली अडचण नावाची. खाते जोडताना मंच एक रुपया पाठवून खातेदाराचे नाव पडताळतो. आमच्या पॅन कार्डावर संस्थेच्या नावातील गावाचे नाव ‘के’ या इंग्रजी अक्षराने सुरू होते, तर बँकेत पोर्तुगीज वळणाच्या जुन्या स्पेलिंगप्रमाणे ‘क्यू’ने. गोव्यात हे कोणालाही खटकत नाही, पण संगणकाला खटकले, आणि नोंदणी प्रमाणपत्र व संस्थेचा ठराव पाठवून खाते मंजूर होईपर्यंत अकरा दिवस गेले.

पैसे प्रयोगानंतर कामाच्या तीन दिवसांत येतात. प्रयोग रद्द झाल्यास प्रेक्षकांना परतावा द्यावा लागतो, म्हणून रक्कम आधी न सोडणे मला योग्यच वाटते. मात्र नाटक कंपनीचा हिशेब त्याच रात्री चुकता करायचा असल्याने तेवढी रोकड पदरी ठेवावीच लागते. एनईएफटी ही बँकांमधील रक्कम पाठवण्याची सोय डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू असल्याने ३ डिसेंबरला, जुन्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची (सणाची) सुट्टी असतानाही, आमची रक्कम जमा झाली होती.

हिशेबपत्रक मात्र उत्तम. ४०० रुपयांच्या २५० तिकिटांचे एक लाख झाले, त्यातून पाच टक्के शुल्क ५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९०० रुपये आणि १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १९४-ओ खालील ०.१ टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा आयकर) १०० रुपये वजा होऊन ९४,००० रुपये आले. हा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी एक टक्का होता. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नसल्याने आम्ही दर त्याखालीच ठेवतो. प्रत्येक रकमेसोबत यूटीआर, म्हणजे त्या बँक व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्यामुळे पासबुकाशी ताळा जुळवणे सोपे जाते.

खरी उणीव अधिकारांच्या बाबतीत आहे. नवी कार्यकारिणी आल्यावर आम्ही खाते बदलायला गेलो, तेव्हा ओटीपी जुन्या खजिनदारांच्या मोबाइलवर गेला, आणि ते तर बोटीवर नोकरीला! त्यांचे जहाज बंदराला लागेपर्यंत एका प्रयोगाचे पैसे अडकून राहिले. धनादेशावर आमच्याकडे दोन सह्या लागतात. येथे मात्र एकाच व्यक्तीच्या ओटीपीवर संपूर्ण संस्थेचे खाते बदलता येते, आणि दुसऱ्या पदाधिकाऱ्याची संमती घेण्याची सोयच नाही. मंचाच्या मदत कक्षाला दोनदा लिहिले, दोन्ही वेळा केवळ पोच मिळाली. तूर्त आम्ही या कामापुरते वेगळे सिम घेतले असून तो मोबाइल संस्थेच्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे.