पिकअप रिवाइंडिंगला दिले आणि परत भलतेच आले

जुनी बेस गिटार विकत घेताना लोक फसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. खोटा लोगो, बदललेली नेक, नव्या बॉडीवर मुद्दाम पाडलेले ओरखडे, यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. मला गंडवलं गेलं ते खरेदीत नाही, दुरुस्तीत. वाद्य अस्सल होतं, घरचं होतं. त्याच्या पोटातला ऐवज कारागिराकडे गेला आणि तिथून दुसराच आला. तुमच्या घरी असं एखादं वाद्य पडून असेल आणि ते दुरुस्त करायचा विचार असेल, तर पुढचं वाचून मगच स्क्रू काढा.

वाद्य माझ्या मामांचं, १९७३ सालची फेंडर जॅझ बेस. मामा ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गिरगाव-दादरचे गणपती, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, बाहेरगावचे दौरे, सगळं या एका बेसवर. तेव्हा असं परदेशी वाद्य दुकानात जाऊन सहज घेता येत नसे. बोटीवर नोकरीला असलेल्या एका गोवेकर मित्राने ते आणून दिलं होतं. पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला, मामांची बोटं आखडली आणि बेस डोंबिवलीच्या घरात माळ्यावर गेली. तिने तिथे बरेच पावसाळे काढले. मी खाली उतरवली तेव्हा नेककडचा, म्हणजे दांड्याच्या बाजूचा पिकअप मुका झाला होता (पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलून अँपला देणारा भाग), तारा ताणायची एक खुंटी, म्हणजे ट्यूनर, तुटला होता आणि तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजवरचं क्रोमचं झाकण गायब होतं. हे झाकण बहुतेक बेसचं गायबच असतं. तळहाताने तारा दाबून वाजवायला ते आड येतं, म्हणून वाजवणारे ते काढून ठेवतात आणि मग ते घरात कुठेतरी हरवतं.

पिकअप मुका का होतो, हे थोडं समजून घ्या, कारण पुढची सगळी लबाडी त्यावरच उघडी पडली. जॅझ बेसच्या प्रत्येक पिकअपमध्ये आठ बारीक दंडगोल लोहचुंबक असतात, दर तारेखाली दोन. त्यांच्याभोवती ४२ गेजची तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली असते, केसासारखी बारीक. जुन्या पिकअपमध्ये चुंबक आणि तार यांच्यामध्ये लॅकरचा पातळ थर, बाकी काही नाही. दमट हवेत चुंबकाला गंज चढतो, तो लॅकर फोडतो आणि सगळ्यात आतला वेढा तुटतो. चांगल्या पिकअपला मल्टिमीटर लावला की सात-आठ किलोओहमच्या आसपास आकडा येतो, तुटलेल्याला काहीच येत नाही. इलाज आहे. जुनी तार उतरवून नवी गुंडाळायची. चुंबक तेच, वरखालच्या फायबरच्या पट्ट्या त्याच. यालाच रिवाइंडिंग म्हणतात आणि प्रामाणिकपणे केलं तर पिकअप पुन्हा वर्षानुवर्षं चालतो.

हे काम करणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन वादकांनी एकाच माणसाचं नाव सुचवलं. दुसऱ्या शहरातला, बोलायला गोड, विषयाची जाण पक्की. फोनवर त्याने मलाच दोन गोष्टी शिकवल्या. मग म्हणाला, "दादा, एकच पिकअप नको, दोन्ही पाठवा. जोडी मॅच करावी लागते." ब्रिजकडचा पिकअप ठणठणीत होता, तरी तोही गेला. पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणांखालचे भाग, खरखरतात म्हटल्यावर म्हणाला, "मग कंट्रोल प्लेटच पाठवा, साफ करून देतो." जॅझ बेसला ही सोय असते. तीन पॉट आणि जॅक एका क्रोमच्या प्लेटवर बसवलेले, तीन स्क्रू काढले आणि वायरी सोडवल्या की अख्खा जुडगा हातात येतो. म्हणजे वाद्यातला आवाज घडवणारा सगळा विजेचा भाग एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मावला. अकरा हजार आगाऊ यूपीआयने गेले, तेही वेगळ्याच नावाच्या खात्यावर. "भावाचं खातं आहे," म्हणाला.

मग सुरू झालं थांबणं. तार अमेरिकेहून यायची आहे. मशीन बंद आहे. घरात लग्न आहे. विचारायला लागलो की तो नवं आमिष पुढे करायचा. सत्तरच्या दशकातला ट्यूनर आणि ब्रिजचं झाकण जुनी वाद्यं जमवणाऱ्या एकाकडे आहे, एकच पीस आहे, आजच्या आज कळवा. चौदा हजार आणखी गेले. वस्तू दुर्मिळ आहे म्हटलं की उशीर, भाव, पावती नसणं, घासाघीस न करणं या सगळ्याला आपोआप कारण मिळतं. पितळेचा नळ घ्यायला गेलो तर आपण बिल मागतो, इथे मागायला संकोच वाटावा असं वातावरण तो तयार करतो.

शेवटी खोकं आलं. वरवर सगळं माझंच होतं. मामांचा अंगठा टेकून टेकून झिजलेलं पिकअपचं प्लॅस्टिकचं कव्हर तेच, प्लेटवरचे डागही तेच. बेस जोडली, अँपला लावली, दोन्ही पिकअप वाजले. आवाज भरदार. फक्त एक गोष्ट खटकली. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले तरी मागची घूं घूं जात नव्हती.

जॅझ बेसची खुबी अशी की तिचे दोन पिकअप एकमेकांचे उलटे असतात. एकात चुंबकाचा उत्तर ध्रुव वर, दुसऱ्यात दक्षिण, आणि वेढेही उलट दिशेने. दोन्ही पूर्ण उघडले की तारांचा आवाज बेरजेत येतो आणि विजेची घूं घूं एकमेकांत मारली जाते. एकेकट्या पिकअपवर घूं घूं येणं स्वाभाविक आहे, दोन्हींवर नाही. आता समजा रिवाइंडिंग करताना वेढ्यांची दिशा चुकली. तर घूं घूं राहील, पण आवाजही पोकळ आणि बारीक होईल, कारण दोन पिकअप एकमेकांना कापतील. माझ्याकडे आवाज भरदार आणि घूं घूं शाबूत. हे एकाच परिस्थितीत होतं, दोन्ही पिकअपचे चुंबक एकाच दिशेचे असतील तर. आणि तार बदलल्याने चुंबक बदलत नाहीत.

मुलाच्या शाळेच्या पेटीतलं होकायंत्र आणलं. नेककडच्या पिकअपवर धरलं, सुई एका बाजूला. ब्रिजकडच्यावर धरलं, सुई त्याच बाजूला. मग कव्हरं काढली. पाठवण्यापूर्वी वायरी कुठे जोडायच्या ते लक्षात राहावं म्हणून मी मोबाइलवर फोटो काढले होते. त्यात तळाची फायबरची पट्टी राखाडी, तिच्यावर शाईचा पुसट शिक्का, आणि ब्रिजकडच्या पिकअपच्या कडेला सोल्डरिंग आयर्न टेकून पडलेला जळका डाग. कार्यक्रमाला उभं राहायच्या आधी मामांनीच घाईत तुटलेली वायर जोडली होती, त्याची खूण. हातातल्या पिकअपच्या पट्ट्या काळ्या, कोऱ्या, डाग नाही, शिक्का नाही. माझ्या कव्हरांखाली दुसरेच पिकअप बसवले होते.

पॉटचंही तेच. त्या काळच्या पॉटच्या पाठीवर सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन कारखान्याचे, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. माझ्या फोटोत १३७७३२७, म्हणजे १९७३ चा सत्ताविसावा आठवडा. परत आलेल्या तिन्ही पॉटवर ७९ साल. पॉट जुनेच, खरेच, पण माझे नव्हेत. ट्यूनरला बाहेरून गंज, पण गरारीत ताजं ग्रीस आणि आतले दाते करकरीत. झाकणावर डाग पाडलेले, पण स्क्रूच्या भोकांभोवती डोकं घासल्याची वर्तुळंच नाहीत. कधी कुणी स्क्रू आवळलाच नव्हता त्यात.

फोन केला तर आधी म्हणाला, "रिवाइंड केल्यावर आवाज थोडा बदलतोच." होकायंत्राचं सांगितल्यावर म्हणाला, "चुंबक सडले होते, बदलावे लागले." जुने परत द्या म्हटलं. "फेकून दिले." चालू पिकअपचे चुंबक कसे सडले, विचारलं. तेव्हा फोन ठेवला, आणि त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असं मामांनीही विचारलं. फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १९६५ मध्ये विकत घेतली. त्याआधीच्या वाद्यांना वेड्यासारखा भाव येतो, पण सत्तरच्या दशकातल्या मालालाही आता गिऱ्हाईक आहे. कुणाची बेस अर्धी अस्सल असते, त्याला उरलेले भाग हवे असतात. अख्खं वाद्य विकण्यापेक्षा ते सोडवून तुकड्यांनी विकण्यात जास्त पैसा सुटतो. मुका पिकअपसुद्धा विकला जातो, कारण चुंबक आणि फायबर अस्सल असतात, तार कुणीही गुंडाळतो. त्याला माझे अकरा हजार नकोच होते.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, हा दिवाणी मामला आहे. तो तसा नाही. दुरुस्तीसाठी सोपवलेली वस्तू परस्पर लंपास करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघात, आणि खोटा माल खरा म्हणून गळ्यात मारणं कलम ३१८ खाली फसवणूक. हे लिहून, फोटो जोडून, लेखी अर्ज दिला आणि प्रतीवर पोच घेतली. पोच मिळेपर्यंत उठलो नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन जितका लवकर तितका बरा, माझ्या बाबतीत तोवर खातं रिकामं झालं होतं. दुसरीकडे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो तिथे करता येते, कारागिराच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार दाखल आहे, तारखा पडताहेत. व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं मी पुसलं नव्हतं, वकील म्हणतात तोच मोठा आधार.

नंतर दुसऱ्या एका कारागिराला बेस दाखवली. त्याची पद्धत बघण्यासारखी होती. गिऱ्हाइकासमोर ओहमचा आकडा घेतो, पिकअपच्या तळाचा आणि पॉटच्या आकड्यांचा फोटो काढून त्यालाच पाठवतो, आणि उतरवलेली जुनी तार पिशवीत घालून परत देतो. चालू पिकअपला तर त्याने हातही लावला नसता. माझ्या बेसमध्ये आता त्याने बसवलेले नवे पिकअप आहेत. नवे म्हणून सांगितलेले, नव्याच्या भावाने घेतलेले, पक्क्या बिलासकट. घूं घूं गेली. मामांना फरक कळला नाही, किंवा कळूनही ते बोलले नाहीत.

माझी जोडी मात्र बाजारात कुठेतरी फिरते आहे. नेककडचा पिकअप मुका, किंवा एव्हाना नव्याने गुंडाळलेला. दोन्हींना राखाडी फायबर. ब्रिजकडच्याच्या तळाला कडेजवळ जळका डाग. १९७३ ची म्हणून अशी जोडी कुणी दाखवली तर कव्हर काढून तळाचा फोटो मागा, आणि डाग दिसला तर पैसे देण्याआधी मला कळवा.